दुसरा कॅमेरा

तुळशीचं लग्न लागलं की महाराष्ट्रात मुहूर्त खुले होतात. चातुर्मासात शांत असलेली मंगल कार्यालयं गजबजतात. त्याच्या थोडं आधी कॅमेऱ्यांच्या दुकानांत गर्दी सुरू होते. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारापासून तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओपर्यंत विशी-पंचविशीतली मुलं, आणि आता मुलीही, एकच प्रश्न घेऊन येतात: लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्यात, कोणता कॅमेरा घेऊ? दुकानदार बजेट विचारतो आणि त्या रकमेत बसणारी सगळ्यात महाग बॉडी पुढे ठेवतो. घरचे कुठून कुठून पैसे उभे करतात, बॉडीबरोबर मिळालेली किट लेन्स लागते आणि धंदा सुरू होतो. माझ्या मते सुरुवात इथेच फसते. लग्नाच्या फोटोग्राफीत पहिला पैसा सगळ्यात चांगल्या कॅमेऱ्यावर घालू नये. तो दुसऱ्या कॅमेऱ्यावर, दुसऱ्या कार्डावर, दुसऱ्या फ्लॅशवर घालावा. ऐन वेळी एखादी वस्तू बंद पडली तरी काम थांबणार नाही ही तजवीज आधी, बाकी सगळं तिच्यानंतर.

हे पटण्यासाठी लग्नातल्या एकाच क्षणाकडे नीट बघावं. मंगलाष्टकं संपत आलेली असतात. वर पाटावर उभा, मामाने आणलेली वधू अंतरपाटापलीकडे, दोघांच्या हातात हार. शेवटचं ‘सावधान’ होतं, अंतरपाट बाजूला जातो, वाजंत्री एकदम सुरू होते आणि चारी बाजूंनी अक्षता पडतात. आता कॅमेऱ्यामागे काय चाललेलं असतं? वधू-वर एकमेकांसमोर उभे असतात, त्यामुळे एका जागेवरून दोघांचे चेहरे समोरून दिसणं शक्यच नसतं. एकाचा चेहरा घ्यावा तर दुसऱ्याची पाठ येते. बाजूने घ्यावं तर दोघांची फक्त कड मिळते, तीही मध्ये कोणाचा मोबाइल आला नाही तर. उडणाऱ्या अक्षता लेन्सच्या अगदी जवळून जातात, आणि जुन्या पद्धतीचा ऑटोफोकस चेहरा सोडून त्यांनाच धरतो. हा सगळा प्रकार काही सेकंदांत संपतो आणि हार गळ्यात पडतात. ‘पुन्हा एकदा अंतरपाट धरा’ असं कोणी म्हणू शकत नाही. दागिन्यांचे, पदार्थांचे, अगदी प्री-वेडिंगचे फोटो बिघडले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा काढता येतात. कन्यादानाच्या वेळी हातावर पडणारी पाण्याची धार आणि त्या वेळचा आईचा चेहरा पुन्हा मिळत नाही. म्हणून या कामाची अवजारं निवडण्याची कसोटी वेगळी आहे. इतर फोटोग्राफीत ‘हा कॅमेरा किती चांगलं चित्र देतो’ असं विचारावं. लग्नात आधी ‘हा आत्ता बंद पडला तर मी काय करीन’ असं विचारावं.

आणि वस्तू बंद पडतात. कार्ड वाचता येईनासं होतं, बॅटरी दगा देते, गर्दीत धक्का लागून लेन्सचा माउंट वाकतो, सलग मारून फ्लॅश तापतो आणि थंड होईपर्यंत पेटत नाही. शटर ही तर झिजणारीच यंत्रणा आहे. निकॉनच्या डी७५० किंवा कॅननच्या ५डी मार्क ३ या लग्नांत वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या कॅमेऱ्यांचं शटर कंपनीने सुमारे दीड लाख फ्रेमपर्यंत तपासलेलं आहे. एका लग्नाला तीन हजार फ्रेम धरल्या, आणि आजच्या सवयीने हा आकडा मुळीच मोठा नाही, तर एका सीझनच्या चाळीस लग्नांत १,२०,००० फ्रेम होतात. दीड लाख ओलांडताच शटर मोडतं असं नाही. पुष्कळ कॅमेरे त्याच्या दुप्पटही चालतात. पण एकाच बॉडीवर सगळा सीझन काढणारा माणूस तिचं अपेक्षित आयुष्य जवळजवळ एका वर्षात वापरून टाकतो, आणि ती कोणत्या लग्नात थांबेल हे त्याच्या हातात नसतं. हायवेला लागताना ड्रायव्हर स्टेपनी बघतो, तशी नव्या फोटोग्राफरने बॅगेतली दुसरी बॉडी बघून मगच घराबाहेर पडावं.

कार्डाच्या बाबतीत तर डिजिटलने धोका कमी केला नाही, एका जागी गोळा केला. फिल्मच्या काळात एका रोळात ३६ फोटो निघत. एखादा रोळ डेव्हलप करताना खराब झाला तर ३६ फोटो जात आणि बाकीचे रोळ शाबूत राहत. आज २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबी भरते, म्हणजे तीन हजार फ्रेमचा डेटा ८० जीबीच्या आसपास. हळदीपासून पाठवणीपर्यंतचं सगळं लग्न नखाएवढ्या एका १२८ जीबीच्या कार्डात मावतं, आणि ते कार्ड गेलं की सगळंच जातं. म्हणून व्यावसायिक कॅमेऱ्यांत दोन कार्डं बसतात आणि प्रत्येक फ्रेम दोन्हींवर एकाच वेळी लिहिता येते. या सोयीचं महत्त्व बाजारानेच सिद्ध केलं आहे. निकॉनने २०१८ मध्ये झेड६ आणि झेड७ हे मिररलेस कॅमेरे आणले ते एकाच कार्डाचे. त्यावर जगभरच्या फोटोग्राफरांनी टीका केली आणि २०२० मध्ये त्यांच्या दुसऱ्या आवृत्त्या आल्या त्या दोन कार्डांच्या जागा घेऊनच. त्यामुळे नवा असला तरी एका कार्डाचा कॅमेरा मुख्य बॉडी म्हणून घेऊ नये, आणि दोन कार्डांचा जुना कॅमेरा नुसता जुना म्हणून नाकारू नये. इतकं करूनही एक चूक सर्रास होते. दोन्ही कार्डांवर वेगवेगळा डेटा भरण्याचं सेटिंग ठेवलं जातं, म्हणजे जागा दुप्पट होते आणि संरक्षण शून्य. कॅमेरा हातात आल्यावर मेन्यूत जाऊन पहिला बदल इथे करावा.

आता चित्राच्या दर्जाकडे येऊ. तिथेही महाग बॉडी पहिली येत नाही, लेन्स आणि उजेड येतात. साध्या किट लेन्सचं तोंड झूम केल्यावर एफ/५.६ पर्यंत अरुंद होतं. कॅनन, निकॉन आणि सोनी या तिन्ही कंपन्यांची स्वस्तातली ५० मिमी लेन्स एफ/१.८ ची मिळते. हिशेब केला तर ती त्याच खोलीत सुमारे दहापट उजेड आत घेते. याचा अर्थ, किट लेन्सवर आयएसओ १२,८०० पर्यंत चढवून जो दाणेदार फोटो मिळेल तो या लेन्सवर १,२५०च्या आसपास स्वच्छ मिळतो. कितीही महाग बॉडी घेतली तरी नुसत्या सेन्सरच्या जोरावर दहापटीचा हा फरक भरून निघत नाही. म्हणून सुरुवातीला अशा रुंद तोंडाच्या दोन प्राइम, म्हणजे झूम न होणाऱ्या, लेन्स पुरेत: वधूच्या छोट्या खोलीसाठी, होमाभोवतीच्या गर्दीसाठी ३५ मिमी, आणि मांडवाच्या कडेला उभं राहून चेहरे टिपायला ८५ मिमी. दोन बॉडींवर दोन लेन्स कायम लावलेल्या असल्या की धुळीत आणि अक्षतांत लेन्स बदलत बसावं लागत नाही. दुसरी बॉडी अशी रोज कामालाही येते, ती नुसती बॅगेत पडून राहत नाही. २४-७० आणि ७०-२०० या एफ/२.८ च्या झूम लेन्स लग्नाच्या कामात फार सोयीच्या आहेत, पण त्या पहिल्या वर्षी विकत घेण्याची गरज नाही.

उजेडाचा प्रश्न गेल्या काही वर्षांत फार अवघड झाला आहे आणि त्याकडे नव्या माणसाचं लक्ष उशिरा जातं. कार्यालयांत आता सगळीकडे एलईडी आहेत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे त्यावर थेट चालणारे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं तर दिव्याची पूर्ण आवर्तनं फ्रेममध्ये सामावतात आणि फोटो समान येतो. तेच शटर १/५०० केलं की एक फ्रेम उजळ, दुसरी काळपट, तिसरीत आडवे पट्टे असं होऊ लागतं. मिररलेस कॅमेऱ्यांचं आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर अशा उजेडात आणखी त्रास देतं, कारण बहुतेक सेन्सर चित्र एकदम न वाचता ओळीओळीने वाचतात. स्टेजवरचे रंगीत पार लाइट आणि मागची एलईडी वॉल यांची लय तर वेगळीच असते, तिथे १/१०० चा नियमही पुरत नाही. ऐन विधीच्या वेळी डेकोरेटरने निळा किंवा जांभळा झोत चेहऱ्यावर सोडला असेल, तर रॉ फाइलमधूनही त्वचेचा खरा रंग परत आणता येत नाही, कारण बाकीच्या रंगांची माहिती सेन्सरपर्यंत पोचलेलीच नसते. याला उपाय दोन. पहिला, मुहूर्ताआधी डेकोरेटरशी बोलून अंतरपाटाच्या वेळेपुरते साधे पांढरे दिवे लावून घेणं. याला पैसे पडत नाहीत, फक्त अर्धा तास आधी पोचावं लागतं. दुसरा, फ्लॅश.

फ्लॅशवर आपल्याकडे अन्याय झाला आहे. ‘कँडिड’च्या लाटेत फ्लॅश मारणं म्हणजे जुनाट काम असा समज पसरला. समोरून थेट मारलेल्या फ्लॅशने चेहरे सपाट आणि तेलकट दिसतात हे खरंच आहे. पण फ्लॅशचं डोकं वळवून उजेड पांढऱ्या छतावर किंवा भिंतीवर आपटवला तर तो मोठा आणि मऊ होऊन खाली येतो, आणि त्या क्षणी एलईडीचा रंग व लुकलुक दोन्ही मागे पडतात. भिंत हिरवी किंवा छताला लाल कापड असेल तर चेहऱ्यावर तोच रंग उतरतो, म्हणून कार्यालयात शिरल्यावर आधी वर बघावं. लॉनवरच्या लग्नात छतच नसतं. तिथे ट्रिगरवर चालणारा दुसरा फ्लॅश स्टँडवर किंवा मदतनिसाच्या हातात द्यावा लागतो. हे तंत्र शिकायला काही आठवडे घरच्या घरी सराव पुरतो, आणि चांगल्या उजेडातला दहा वर्षं जुना कॅमेरा वाईट उजेडातल्या नव्या कॅमेऱ्यापेक्षा सरस फोटो देतो.

समजा एखाद्याकडे दोन लाख रुपये आहेत. माझी वाटणी ढोबळमानाने अशी होईल: निम्मे पैसे दोन कार्डांच्या, एकाच कंपनीच्या, शक्यतो एकाच मॉडेलच्या दोन वापरलेल्या बॉडींना, म्हणजे बॅटऱ्या, कार्डं आणि बोटांची सवय दोन्हीकडे सारखी राहते, चाळीसेक हजार दोन प्राइम लेन्सना, वीसेक हजार दोन फ्लॅश आणि ट्रिगरला, उरलेल्यातून बॅटऱ्या, कार्डं, दोन हार्ड डिस्क, आणि थोडी रोकड दुरुस्तीसाठी बाजूला. जुना कॅमेरा घेताना बिल मागावं, शटर किती चाललं ते तपासावं, दोन्ही कार्डांवर लिहून बघावं आणि लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून बुरशी शोधावी. कोकण, गोवा आणि मुंबईच्या दमट हवेत जाळ्यासारखी बुरशी लेन्सच्या आत सहज धरते. स्वतःची लेन्सही पावसाळ्यात सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी लागते. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्स स्वस्त दिसतात, पण त्यांत मोटर नसते. निकॉनच्याच एफटीझेड अडॅप्टरने त्या मिररलेसवर लावल्या तर ऑटोफोकस चालत नाही. म्हणून एएफ-एस लेन्स घ्याव्यात.

यावर पहिला आक्षेप जाणकारच घेतील: डीएसएलआरचे दिवस संपत आले, मिररलेसचा डोळ्यावर चिकटून राहणारा ऑटोफोकस अक्षतांच्या पावसातही चेहरा सोडत नाही, मग आज कोणी जुनं का घ्यावं? हा आक्षेप खरा आहे. चेहरा ओळखणाऱ्या फोकसने लग्नाचं काम सोपं केलं आहे, आणि ज्याला दोन मिररलेस बॉडी परवडतात त्याने त्याच घ्याव्यात. माझा विरोध एका मिररलेसला आहे. जुन्या कॅमेऱ्यांची एक जमेची बाजू अजून आहे: बॅटरी मोजण्याच्या जपानी सीपा पद्धतीनुसार डी७५० एका चार्जवर १,२३० फोटो देतो आणि पहिला झेड६ ३१०. प्रत्यक्षात दोन्ही याहून जास्त देतात, पण दिवसभराच्या लग्नात हा फरक जाणवतोच. आणि आज घेतलेल्या एएफ-एस किंवा कॅनन ईएफ लेन्स त्या त्या कंपनीच्या अडॅप्टरने उद्याच्या मिररलेसवर चालतात, त्यामुळे लेन्समधला पैसा बुडत नाही.

दुसरा आक्षेप, गिऱ्हाईकच कॅमेरा विचारतं. मुलीचे वडील फोनवर पहिलं विचारतात, ‘कॅमेरा कुठला तुमचा?’ जुनं मॉडेल सांगितलं तर ऑर्डर जाते, अशी भीती असते. ती निराधार नाही. पण या प्रश्नाला पूर्ण लग्नाचा अल्बम दाखवून उत्तर देता येतं. निवडक वीस फोटो कोणीही जमवतं. हळदीपासून गृहप्रवेशापर्यंतचे चारशे फोटो सलग चांगले असले की कॅमेऱ्याचं नाव मागे पडतं. तिसरा आक्षेप भाड्याचा: शहरांत बॉडी आणि लेन्स रोजाने मिळतात, मग विकत कशाला? झूम लेन्स, गिंबल आणि व्हिडिओचे दिवे जरूर भाड्याने घ्यावेत. पण मुख्य बॉडी भाड्याची नको. दाट मुहूर्ताच्या दिवशी सगळ्यांनाच ती हवी असते, आणि प्रत्येक वेळी हाती येणाऱ्या अनोळखी कॅमेऱ्याची बटणं अंधारात बोटांना सापडत नाहीत. राहिला मोबाइल. तो दिवसा उजेडी उत्तम फोटो देतो, पाहुणे त्यावर भरपूर फोटो काढतात आणि त्याचा आनंदच आहे. पण आठ-दहा तास सलग चालणं, दूरचा चेहरा अंधारात टिपणं आणि छतावर फ्लॅश आपटवणं त्याला जमत नाही.

सगळ्यात गंभीर आक्षेप पैशाचा आहे. खेड्यात फोटो, व्हिडिओ आणि अल्बम मिळून तुटपुंज्या रकमेत लग्न उरकणाऱ्याने दुप्पट सामान कुठून आणावं? शिवाय चातुर्मासात मुहूर्त नाहीत, पौषात अनेक घरी लग्न करत नाहीत आणि अधिक महिना आला की आणखी महिनाभर हात रिकामे. मला याचं उत्तर एकच दिसतं, आणि ते म्हणजे सुरुवात स्वतःच्या ऑर्डरीने करू नये. पहिला सीझन जुन्या फोटोग्राफरकडे असिस्टंट म्हणून काढावा. एक बॉडी, एक लेन्स आणि एक फ्लॅश तिथे पुरतो, कारण तिथे तुम्ही स्वतःच दुसरा कॅमेरा असता. मुख्य माणूस वराच्या मागून वधूचा चेहरा घेत असताना वधूच्या मागून वराचा चेहरा घेणारा माणूस लागतोच. त्या कमाईतून दुसरी बॉडी येते. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. ते काढायचं तर याच टप्प्यावर काढावं, शोरूममधल्या महागड्या बॉडीसाठी नको.

असिस्टंटगिरीत आणखी एक गोष्ट मिळते, जी दुकानात मिळत नाही: पुढच्या क्षणी काय होणार याचं ज्ञान. लाजाहोमात वधूचा भाऊ ओंजळीत लाह्या घालतो, कानपिळीला तोच नवरदेवाचा कान पिळतो, सूनमुख बघताना सासू आरसा धरते. त्या प्रत्येक वेळी उभं कुठे राहायचं हे आधी ठाऊक असावं लागतं. घराघरांत क्रम आणि रीत बदलते, म्हणून गुरुजींना आधीच विचारून घ्यावं. बौद्ध विवाहात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर त्रिशरण-पंचशील होतं, तिथे होमाची वाट बघणारा फोटोग्राफर उघडा पडतो. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात आदल्या दिवसांत नारळाच्या रसाचा रोस असतो आणि चर्चमध्ये कुठवर जायचं हे फादरना विचारावं लागतं. निकाहला अनेक घरांत बायकांची बैठक वेगळी असते. तिथे, आणि वधूच्या तयारीच्या खोलीतही, महिला फोटोग्राफर लागते. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलींनी ही गरज ओळखावी. तिथे काम आहे आणि ते करणारे हात कमी आहेत.

कागदाचं काम पाहुणे जमल्यावर होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. त्यामुळे वधूचा फोटो आपल्या जाहिरातीत वापरायचा असेल तर तशी लेखी परवानगी हवी. त्याच करारात फोटो किती, अल्बम कधी, ॲडव्हान्स किती, आणि उपकरण बिघडलं तर काय, हे लिहावं. फोटो न मिळाल्याच्या तक्रारींवर ग्राहक आयोगांनी फोटोग्राफरांना भरपाई द्यायला लावली आहे. ड्रोन उडवायचा तर २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही, पण त्याहून जड ड्रोन व्यावसायिक कामाला वापरणाऱ्याला ते लागतं. नव्या माणसाने पहिल्या वर्षी तरी ड्रोनचं काम असं प्रमाणपत्र असलेल्याकडून करून घ्यावं.

लग्न संपलं की थकलेला माणूस बॅग ठेवून झोपतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या ऑर्डरीसाठी तेच कार्ड फॉरमॅट होतं. पीटर क्रोग या अमेरिकी फोटोग्राफरने रूढ केलेला नियम असा: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्याकडे त्याचा सोपा अवतार म्हणजे कॉम्प्युटरवर एक प्रत, हार्ड डिस्कवर दुसरी, आणि तिसरी डिस्क किंवा क्लाउडवरची प्रत घराबाहेर. तोवर कार्डाला हात लावायचा नाही. अल्बम पोचेपर्यंत तीनही प्रती राहिल्या पाहिजेत.

आता यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना एक विनंती. फोटोग्राफर ठरवताना कॅमेऱ्याचं मॉडेल विचारू नका. त्याऐवजी चार गोष्टी विचारा: दुसरी बॉडी बरोबर आणणार का, फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिले जातात का, लग्नानंतर त्यांच्या किती प्रती कुठे ठेवता, आणि एखाद्या लग्नाचा पूर्ण अल्बम दाखवाल का. जो या चारही प्रश्नांना न अडखळता उत्तर देतो त्याचा दर दोन-पाच हजारांनी जास्त असला तरी घासाघीस करू नका, कारण तो फरक त्याच्या दुसऱ्या कॅमेऱ्याचा आहे.